गल्लीपलीकडचा माणूस

माझ्या आईला कुणी खोटारडी म्हटलं असतं तर मी त्याला उभं-आडवं झोडपलं असतं. पण मी शाळेत असताना धुळ्यातल्या आमच्या घरी जनगणनेचे गुरुजी आले, त्यांनी विचारलं, "घरात कोणी अपंग?" आणि आई माझ्या देखत म्हणाली, "नाही बा. आमच्यात कोणी नाही."

मी तिथेच दाराची चौकट धरून उभी होते. डाव्या पायाला कमरेपर्यंत चामड्याचे पट्टे आणि लोखंडी सळ्या, बगलेत कुबडी. लहानपणीच्या पोलिओनं तो पाय कायमचा बारीक करून ठेवला होता, चालताना सळ्यांचा असा आवाज व्हायचा की गल्लीतली कुत्रीसुद्धा मला त्यावरून ओळखायची. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि कागदावर रेघ ओढून पुढच्या घरी गेले.

ते गेल्यावर मी आईवर चवताळले. ती भाकरी थापत होती, तिनं मान वरही केली नाही. म्हणाली, "अपंग म्हणजे ज्याचं काही होत नाही तो. तुझं काय अडलंय? शाळेत जातेस, स्वतःचं धुणं धुतेस, वर दिवसभर माझ्याशी भांडतेस." तिच्या लेखी हे माझं कौतुक होतं. मला मात्र त्या दिवशी कौतुक आणि अपमान एकाच ताटात वाढल्यासारखं झालं, आणि कोणता घास आधी गिळावा ते कळेना. आईशी मी दोन दिवस बोलले नाही. तिला त्याचा काही फरक पडला नाही, हेही सांगून टाकते.

पुढे पोटापाण्यासाठी मी तेच काम धरलं. नशिबाची थट्टा म्हणा. गेली काही वर्षं मी एका पुण्याच्या संस्थेसाठी धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत घरोघर जाऊन प्रश्न विचारते. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आधाराची चाकं बसवलेली स्कूटर, पाठीला पिशवी, हातात टॅब. आमचा विषय हाच: कोणाला काय करायला अडचण येते. आणि त्याहून आतला विषय असा, की तो प्रश्न कसा विचारला की खरं उत्तर मिळतं.

सुरुवातीला आम्ही सरळच विचारायचो, "घरात कोणी दिव्यांग व्यक्ती आहे का?" शब्द नवा आला होता, गोड होता, पण लोकांचं उत्तर जुनंच. त्यात माझ्या पायाची भर. प्रश्न ऐकला की समोरच्याची नजर आधी माझ्या पायावर जायची, मग घाईघाईनं आढ्याकडे, आणि मग "नाही हो ताई, कोणी नाही." हो म्हटलं तर मला लागेल असं वाटायचं त्यांना. भडगावच्या एका अक्कांनी तर दोन्ही हात जोडून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "देवाची कृपा आहे, तुमच्यासारखं कोणी नाही." दुसऱ्या क्षणी त्यांनी जीभ चावली आणि आत जाऊन माझ्यासाठी दुप्पट साखरेचा चहा करून आणला. मी प्यायले. चहानं माझं काय घोडं मारलं होतं?

मग संस्थेनं नवे प्रश्न केले. त्यात तो शब्दच नव्हता. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का, ऐकायला येते का, चालायला किंवा पायऱ्या चढायला, गोष्टी लक्षात ठेवायला, अंघोळ-कपडे स्वतःचं स्वतः करायला, आपलं म्हणणं दुसऱ्याला समजावायला. आणि प्रत्येकाला चार उत्तरं: अडचण नाही, थोडी अडचण, खूप अडचण, अजिबात जमत नाही. मला खरं सांगायचं तर हे सगळं पुण्यात बसून केलेलं शब्दांचं नखरेल काम वाटलं होतं. भडगावात त्याच अक्कांच्या ओट्यावर मी पुन्हा बसले आणि "चालायला, पायऱ्या चढायला घरात कोणाला अडचण?" असं वाचलं. अक्का म्हणाल्या, "अहो, सासूबाई मागच्या पोळ्यापासून ओट्याखाली उतरल्या नाहीत की."

"मग त्या दिवशी कोणी नाही का म्हणालात?"

"त्या कुठे अपंग? त्या म्हाताऱ्या आहेत."

तेव्हा माझी खात्री पटली. म्हातारपण हे आमच्याकडे अडचणीत मोडतच नाही, आणि जो काही ना काही काम करतो त्याला अपंग म्हणणं म्हणजे त्याच्या कामाला नावं ठेवणं. माझी आई काही वेगळं करत नव्हती. शब्द बाजूला काढला की माणसं उंबऱ्याबाहेर यायला लागली. मी या कामाचा तेव्हापासून हट्टच धरला. एकही घर वरवर विचारून सोडायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

त्या हट्टाची खरी परीक्षा झाली चोपडा तालुक्यातल्या एका गावात.

सातपुड्याच्या पायथ्याचं केळीचं गाव. नव्या प्रश्नांची चाचणी फेरी चालू होती, म्हणजे हे प्रश्न पुढे सगळीकडे वापरण्याआधी इथे तपासून बघायचे होते. दिसण्याच्या प्रश्नाला जोड म्हणून आणखी एक प्रश्न पुण्याहून आला होता. नुसतं "दिसतं का" म्हटलं तर लोक "दिसतं की" म्हणतात, म्हणून तो रोजच्या व्यवहारातला केला होता: "चष्मा लावून, गल्लीपलीकडचा ओळखीचा माणूस ओळखायला तुम्हाला अडचण येते का?" मला आवडला होता. साधा, घरगुती, कुणालाही समजेल असा.

गावाच्या मधल्या गल्लीत एका आबांचं घर होतं. पासष्टीचे असतील. पांढरी टोपी, जाड भिंगाचा चष्मा, हातात अडकित्ता. मोठे बागाईतदार, गावात शब्दाला मान. त्यांच्या घरातले सगळे प्रश्न अर्थातच त्यांनाच विचारायचे होते, कारण ओट्यावर कर्ता बसलेला असताना आतलं कोणी उत्तर देत नाही. मुलगा सुरतेला कारखान्यात होता. घरात सून आणि शाळेत जाणारी नात. आबांची बायको वारलेली. सून दाराआड पदर डोक्यावर घेऊन उभी होती, तिची बोटं तेवढी चौकटीवर दिसत होती.

मी प्रश्न वाचला. आबा हसले.

"बठ्ठासले वळखस मी," ते म्हणाले. म्हणजे मी सगळ्यांना ओळखतो. आणि जणू माझी खात्री पटवायला गल्लीतून एकजण सायकलवरून गेला, "राम राम आबा," म्हणाला. आबांनी लगेच त्याच्या नावानिशी राम राम घातला आणि म्हैस कशी आहे म्हणून विचारलं. मागून दुसरा आला, त्यालाही तसंच. तिसऱ्यानं गल्लीच्या टोकाकडूनच राम राम घातला, त्याला तर त्यांनी तो तिथे असतानाच टोला हाणला, "काय रे, सासुरवाडीना पाव्हणा गया का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिख, काही अडचन नही."

मी लिहिलं. पुरावा डोळ्यांसमोर होता, आणखी काय पाहिजे?

हात धुवायला म्हणून सुनेनं मला मागच्या अंगाला मोरीवर नेलं. माझ्या हातावर पाणी घालता घालता ती हळूच म्हणाली, "ताई, आबांचं काय लिहिलं?"

"अडचण नाही असं."

तिनं तांब्या खाली ठेवला. "त्यांना दिसत नाही ताई."

ती घडाघडा बोलायला लागली, कधीपासून साठवून ठेवलेलं. नातीला रोज सकाळी आबा मोटरसायकलवरून शाळेत सोडतात. शाळा चोपड्याच्या रस्त्यावर, तिकडून केळीचे ट्रक सुसाट येतात. परवा त्यांनी गाडी मोरीपुलाच्या कठड्याला घासली. पोरगी गुडघा सोलून घेऊन घरी आली आणि हसत सांगत होती, आबांनी गाडी भिंतीला टेकवली म्हणून. आबा म्हणाले ट्रकवाल्यानं दाबलं. सुनेला माहीत होतं, तिथे तेव्हा ट्रक नव्हता, कारण पोरीनं तसं सांगितलं होतं.

"नवऱ्याला सांग ना," मी म्हटलं.

"सांगितलं. ते फोनवर म्हणतात, आबांना कोण सांगणार? त्यांनी गाडी सोडली तर ते खाटच धरतील." तिनं पदर सारखा केला. "मी काय करते माहीत आहे? कधी पोरीला ताप आहे म्हणते, कधी पोट दुखतंय म्हणते. शाळेतून फोन आला, इतक्या रजा कशाला म्हणून. आता तीही सोय राहिली नाही. गाडी दारातून निघाली की आवाज जाईपर्यंत मी इथेच उभी असते. मग परत येईपर्यंत हाताला काम सुचत नाही."

"डॉक्टरकडे?"

"चोपड्याला डोळ्यांचं शिबिर झालं. गेले नाहीत. म्हणाले, मला काय झालंय?" मग ती माझ्या पिशवीतल्या टॅबकडे बोट करून म्हणाली, "मी बोलले तर कालची आलेली सून सासऱ्याला आंधळा ठरवते असं होईल. तुमच्या या यंत्रात त्यांनी स्वतः हो म्हटलं असतं, तर मला धरायला काही मिळालं असतं. तुम्ही असं काहीतरी विचारा ना ताई, की त्यांना नाही म्हणता येणार नाही."

मी डॉक्टर नाही, पोलीस नाही. आमचा नियम असा की घरच्यानं जे सांगितलं तेच लिहायचं, तपासून बघायचं नाही, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. मी तिला तेवढंच सांगितलं. ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"नं माझं डोकं फिरलं. मला स्वतःचा राग आला, आबांचा आला, पण सगळ्यात जास्त राग त्या साध्या, घरगुती, सगळ्यांना समजणाऱ्या प्रश्नाचा आला.

गल्लीच्या टोकाला लिंबाच्या सावलीत स्कूटर लावून मी बसून राहिले आणि आबांच्या ओट्याकडे बघत बसले. म्हटलं, माणूस खोटं बोलला का? आणि हळूहळू ध्यानात आलं. त्या गावात वडीलधारा माणूस ओट्यावर बसलेला असताना त्याला राम राम न घालता कोणी पुढे जात नाही. गाडीवरचा गाडी हळू करतो, बाया लांबूनच "आबा, बसलात का" म्हणतात, शेंबडी पोरंसुद्धा "आबा, चाललो" असं ओरडून पळतात. हाक आधी, माणूस मागून. मुकाट जाणं म्हणजे उर्मटपणा, तशा पोरांना गाव नावं ठेवतं. म्हणजे आबांना कोणाला बघून ओळखायची वेळच येत नव्हती. आख्खं गाव रोज त्यांना आपलं नाव सांगत होतं, आणि हे गावालाही माहीत नव्हतं, आबांनाही नव्हतं. डोळे इतके सावकाश गेले असणार की कान कधी कामाला लागले ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल.

मी तिथून, हाक न मारता, हात वर केला. आबांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून ते सुपारी कातरायला लागले.

तर आबा खोटं बोलले नव्हते. "ओळखता का" असं विचारलं, ते ओळखत होते. प्रश्नच आंधळा होता. आणि त्या एका गावात नाही, आमच्या सगळ्या पट्ट्यात जिथे जिथे माणसं राम राम घालतात तिथे तिथे हा प्रश्न म्हाताऱ्यांचे डोळे झाकून टाकणार होता.

संध्याकाळी चोपड्यात मुक्कामाच्या खोलीवर आल्या आल्या मी पुण्याच्या आमच्या साहेबांना फोन लावला. वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान, पण शांत माणूस, माझा आवाज चढला तरी त्याचा चढत नाही.

"मॅडम, प्रश्न जसाच्या तसा वाचायचा असतो," ते म्हणाले.

"जसाच्या तसा वाचला म्हणूनच फसलाय." मी त्यांना ओटा, राम राम, सगळं सांगितलं. त्या घराचं आतलं बोलणं मात्र सांगितलं नाही.

"पण असं दर गावाला शब्द बदलले तर एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना कशी करायची? उद्या नंदुरबारवाले म्हणतील आमच्याकडे आणखी काही वेगळं."

हे त्यांचं बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणून मला जास्त चीड आली. "साहेब, चुकीची दोन उत्तरं एकमेकांशी किती छान जुळतात हे मोजायचं असेल तर मोजा. चाचणी फेरी कशाला म्हणतात मग? चुका झाकायला?"

त्यांनी तो प्रश्न माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. मग म्हणाले, "जुना प्रश्न ठेवा. त्याच्या खाली नवा घाला. पण आख्ख्या गावाला विचारायचा, निवडक घरांना नाही. सगळीकडे त्याच शब्दांत. आणि उत्तर मिळेल तेच लिहायचं. कोणाला बोलतं करायचं नाही."

"ते मला शिकवू नका," मी म्हटलं, आणि मग जरा ओशाळून, "बरं, थँक्यू."

नवा प्रश्न जुळवायला मला जेवण गार करावं लागलं. मोठा झाला की लोक वाटेत हरवतात, लहान केला की पुन्हा तीच भानगड. शेवटी असा बसला: "समोरचा काही बोलला नाही, त्यानं हाक मारली नाही, तरी गल्लीपलीकडून तो कोण आहे हे ओळखायला तुम्हाला अडचण येते का?"

दुसरा दिवस शनिवारचा होता. मी गावाच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली, मुद्दाम. पहिल्याच घरी एक आजी म्हणाल्या, "बोलत नाही म्हणजे? भांडण झालंय का त्याचं माझ्याशी?" दुसरीकडे एक नाना, ज्यांनी आदल्या दिवशी छाती ठोकून "अडचण नाही" लिहायला लावलं होतं, प्रश्न ऐकून डोळे बारीक करून दारातून गल्लीकडे बघायला लागले. मग म्हणाले, "तसं असेल तर... थोडी नाही, खूप लिहा." त्यांची बायको चुलीजवळून म्हणाली, "तरीच परवाच्या लग्नात माझ्याऐवजी माझ्या बहिणीला हाक मारत होते." नाना म्हणाले, "ते डोळ्यांनी नाही, मनानं." ती हसली, पण हसून झाल्यावर बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मी उत्तर लिहून उठले. अशी आणखीही घरं निघाली. दर घरी नाही, पण ज्या घरी निघाली तिथे प्रश्न संपल्यावर जी शांतता पडायची ती मला आता ओळखू यायला लागली होती.

दुपारपर्यंत माझा प्रश्न माझ्या आधी घरोघर पोहोचला होता. गावात बातमीला पाय लागत नाहीत, आणि माझ्यापेक्षा तर तिचे पाय नक्कीच चांगले. मारुतीच्या पारावर पुरुषमंडळी एकमेकांना चिडवत होती, "ओळख पाहू, मी बोलत नाही." आणि पोरांनी तर त्याचा खेळच केला. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. एकानं लांब जाऊन तोंडावर हात दाबून उभं राहायचं, दुसऱ्यानं डोळे किलकिले करून सांगायचं कोण ते. उत्तर चुकलं की तो हरला. मी स्कूटरवरून गेले तर दोन पोरं माझ्यासमोरही तोंड दाबून उभी राहिली. मी म्हटलं, "बाजूला व्हा, नाहीतर माझी चाकंच तुम्हाला ओळख दाखवतील."

आबांच्या ओट्यावर मी पोहोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सून दाराआड आधीच येऊन उभी होती. परीक्षा आपली नसून आपल्या लेकराची असावी तसा मी उगीच टॅब दोनदा पुसला. आबांना खबर लागली होती हे उघड होतं.

"काल इचारी गई ना तू माय? आज परत?"

"प्रश्न नीट नव्हता आबा. सुधारून आणला."

"बरं. वाच."

मी वाचला. एकही शब्द इकडचा तिकडे न करता, जसा सगळ्यांना वाचला तसाच. आबांनी अडकित्ता बंद केला.

"मुका मानूस शे कोठे ह्या गावमा?" ते म्हणाले. "हाऊ कसा प्रश्न शे? वळखस मी. लिख, अडचन नही."

चौकटीवरची सुनेची बोटं आखडली. माझ्या हातात टॅब, आणि बोट त्या पहिल्या उत्तरावर. नियम मला पाठ होता, आदल्या संध्याकाळी मीच साहेबांना "शिकवू नका" म्हटलं होतं. मिळेल तेच उत्तर लिहायचं. पण चारही उत्तरं वाचून दाखवायची हासुद्धा नियमच होता, आणि ती मी अजून वाचली नव्हती. मी म्हटलं, "आबा, चारही वाचते, मग सांगा," आणि सावकाश वाचायला लागले. अडचण नाही. थोडी अडचण. खूप अडचण.

चौथं वाचायला मान वर केली आणि माझे शब्द तोंडातच राहिले. गल्लीच्या पलीकडे, समोरच्या घराच्या भिंतीशी नात उभी होती. लाल झगा, गुडघ्यावर खपली, दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबलेले, डोळ्यांत हसू मावत नव्हतं. खेळत खेळत ती आपल्या आजोबांपर्यंत आली होती. मी तिला पाहिलं. सुनेनं पाहिलं. आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

मी मध्येच थांबले हे आबांच्या लक्षात आलं. समोर कोणीतरी उभं आहे हेही कळलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, मान थोडी पुढे काढली.

"कोन शे?"

पोरीनं हात आणखी दाबले. तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

"कोन शे रे तठे?" आबांचा आवाज चढला. गावातल्या मोठ्या माणसाचा, उत्तर घ्यायची सवय असलेला आवाज. "कोना पोऱ्या शेस तू? बोलत का नही?"

तिनं हात काढले आणि टाळ्या पिटल्या. "मी, आबा! मीच! हरलात, तुम्ही हरलात!" आणि धावत गल्ली ओलांडून ती ओट्यावर चढली, धपकन त्यांच्या मांडीवर बसली. तिच्या दृष्टीनं दिवसातला सगळ्यात मोठा डाव तिनं जिंकला होता.

आबा हलले नाहीत. मग त्यांचा हात तिच्या डोक्यावरून फिरला, पाठीवरून, खाली गुडघ्यापर्यंत आला आणि खपलीवर थांबला. मला त्या क्षणी तिथून उठून जावंसं वाटत होतं, आणि मी उठले नाही. ज्यानं प्रश्न विचारलाय त्यानं उत्तर मिळेपर्यंत बसायला पाहिजे असं मला वाटतं, मग ते त्याला सोसो न सोसो.

"परत वाच," आबा म्हणाले.

मी परत वाचला. समोरचा काही बोलला नाही, त्यानं हाक मारली नाही, तरी. मग चारही उत्तरं, या वेळी न थांबता.

"खूप," ते म्हणाले. "लिख. खूप अडचन शे."

मी लिहिलं. पोरगी त्यांच्या टोपीशी खेळत होती, तिला यातलं काही कळलं नव्हतं आणि कळायचं कारणही नव्हतं. आबांनी अडकित्ता खाली ठेवला. मग मलाच विचारलं, जसं काही मी ते यंत्र आणलं म्हणजे पुढचंही त्यात असणार.

"मंग सोमवारले पोरले शाळामा कोन लई जाई?"

त्याचं उत्तर माझ्या चारांत नव्हतं. मी तोंड उघडणार एवढ्यात दारातून आवाज आला. त्या घरात आल्यापासून सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडलं नसावं, कारण आबांची मान चटकन वळली.

"मी लई जासू, आबा."

"तुले गाडी कोठे येस?"

"शिकसू." ती मागे सरली नाही. तिथूनच म्हणाली, "उद्या रविवार शे. उद्यापासून शिकसू. तोवर पायी लई जासू." एवढं बोलून ती अनवाणी पावलांनी उंबरा ओलांडून ओट्यावर आली, पार माझ्या शेजारपर्यंत.

आबांनी मांडीवरच्या पोरीला जरा बाजूला केलं, बंडीच्या खिशात हात घातला आणि गाडीची किल्ली काढली. आवाज आला होता त्या दाराकडे त्यांनी ती पुढे केली. दारात आता कोणी नव्हतं. पोरगी "आई इथे आहे" असं म्हणणार होती, पण आईनं ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं, पावलांचा आवाज न करता दाराकडे परत गेली, त्यांचा हात होता तिथे जाऊन उभी राहिली आणि किल्ली घेतली.